डिलन, हेंड्रिक्स, हॅरिसन आणि तबल्यावर भागवत

11 एप्रिल 1966. लंडनमध्ये राहणाऱ्या अनिल भागवत या तबलावादकाला फोन आला. पलीकडे एशियन म्युझिक सर्कल या संस्थेचे अयाना अंगडी होते. आज संध्याकाळी मोकळे असाल तर जॉर्जबरोबर वाजवायचं आहे, एवढाच निरोप. कोण जॉर्ज, ते त्यांनी सांगितलं नाही. न्यायला रोल्स रॉइस गाडी आली तेव्हा भागवतांना उलगडा झाला की हा जॉर्ज म्हणजे बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन. अ‍ॅबी रोडच्या स्टुडिओबाहेर पोरी थर्मास, केक आणि सँडविच घेऊन बीटल्सची वाट बघत ठाण मांडून बसल्या होत्या. आत हॅरिसननी काय हवं ते सांगितलं, दोघांनी सूर जुळवले. सोळा मात्रा, ढंग रविशंकरांच्या साथीचा, बाकी तुमच्या मनाने वाजवा, असं ठरलं. ते गाणं 'लव्ह यू टू'. ऑगस्टमध्ये 'रिव्हॉल्व्हर' ही एलपी बाजारात आली आणि तिच्या कव्हरवर छापलेलं होतं: अनिल भागवत, तबला.

साठ-सत्तरच्या काळातला सर्वांत प्रभावी रॉक कलावंत कोण, हा वाद आमच्याकडे निघाला की मी आधी भागवतांचं नाव घेतो. समोरचे दोघं वैतागतात. घेऊ दे त्यांना वैतागून.

मी माहूरला रेडिओ, टेप आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान चालवतो. नवरात्रात, दत्तजयंतीला आणि राखी पौर्णिमेच्या परिक्रमेला भोंगे, माईक लावण्याचं कामही घेतो. नांदेड जिल्ह्याच्या पार टोकाला, पैनगंगेच्या काठचं आमचं गाव. रेणुकामातेचा गड, दत्तशिखर, अनसूयेचं शिखर, सोनापीर दर्गा यांसाठी लोक येतात. रॉक संगीतासाठी इथे कुणी येत नाही. पण दुकानात टेप दुरुस्तीला आली की तिच्याबरोबर कॅसेटही येते, आणि हेड साफ केल्यावर तपासायला काहीतरी वाजवावंच लागतं. इंग्रजी शिकवणारे एक गुरुजी हैदराबादहून, मुंबईहून कॅसेट आणायचे आणि त्या अडकल्या की माझ्याकडे सोडवायला द्यायचे. अशा रीतीने हा छंद मला लागला. गुरुजी आता निवृत्त आहेत आणि तिसरा वादी माझा भाचा, जो नांदेडला साउंड सिस्टीमवर काम करतो आणि गिटार वाजवतो.

ज्यांना हा काळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अमेरिकेत एकीकडे व्हिएतनामचं युद्ध पेटलं होतं, सक्तीने पोरं भरती होत होती, दुसरीकडे काळ्या लोकांचा नागरी हक्कांचा लढा चालू होता. आईबापांनी आखलेलं आयुष्य, नोकरी, कापलेले केस, युद्धावर जाणं, यातलं काहीच नको म्हणणारी एक पिढी उभी राहिली. तिच्यातलेच काही हिप्पी होऊन गोव्यात नि काशीत पोहोचले. या पिढीला सभेपेक्षा, वर्तमानपत्रापेक्षा गाणं जवळचं होतं. ट्रान्झिस्टर खिशात आला होता, एलपी रेकॉर्ड घरोघरी होती, आणि विजेच्या गिटारीमुळे चार पोरांचा आवाज मैदानभर जात होता. म्हणून त्या काळाचे पुढारी शोधायला गेलं तर गाणारेच सापडतात.

गुरुजींचा कौल बॉब डिलनला. त्यांचं म्हणणं सरळ आहे: डिलनच्या आधी रेडिओवरचं गाणं म्हणजे तीन मिनिटांचं प्रेम. डिलनने त्यात अणुबॉम्ब आणला, वर्णद्वेष आणला, फसवणूक आणली, भाषेची कोडी आणली. 28 ऑगस्ट 1963 ला वॉशिंग्टनच्या ज्या मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग यांचं ते गाजलेलं भाषण झालं, त्याच व्यासपीठावर बावीस वर्षांचा डिलन गायला. 1965 मध्ये सहा मिनिटांहून लांब गाणं रेकॉर्ड करून त्याने रेडिओवाल्यांची वेळेची चौकट मोडली. 2016 ला त्याला साहित्याचं नोबेल मिळालं. गाणाऱ्याला साहित्याचं नोबेल, हे गुरुजी दोनदा म्हणतात.

पण गुरुजी मुळात औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाचे विद्यार्थी, नागसेनवनात वाढलेले. त्यामुळे डिलनचं कौतुक करता करता ते थांबतात आणि म्हणतात, "हे सगळं आपल्याकडं वामनदादांनी केलेलं आहे." सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक. शाळेत न गेलेला, मोठेपणी अक्षरं शिकलेला माणूस बाबासाहेबांचा विचार गाण्यात बांधून गावोगाव फिरला. मराठवाड्यातल्या वस्त्यांत रात्र रात्र ती गाणी चालायची. डिलनमागे कोलंबियासारखी रेकॉर्ड कंपनी होती. वामनदादांच्या मागे लोकांनी वर्गणी काढून लावलेला भोंगा होता. मी भोंगेवाला असल्याने हा मुद्दा मला फार जवळचा वाटतो. गुरुजी आणखी एक गोष्ट पुढे ठेवतात. 1972 ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. त्याच वर्षी मराठवाड्यात दुष्काळ पडला. लोक खडी केंद्रावर दगड फोडत होते, सुकडी खात होते. "तिकडं पोरं भरल्या पोटी घर सोडत होती, इकडं उपाशी पोटी," असं गुरुजी म्हणतात तेव्हा दुकानात कुणी काही बोलत नाही. बंडखोरीचा काळ सगळ्या जगाचा एकच होता, पण त्याची किंमत सगळीकडे सारखी नव्हती, हे त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. डिलनच सर्वांत प्रभावी, हे मात्र पटत नाही.

डिलनबद्दल एक प्रसंग माझ्या धंद्यातला आहे म्हणून सांगतो. 25 जुलै 1965 ला न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात तो नुसती लाकडी गिटार न घेता विजेची गिटार आणि मागे अख्खा बँड घेऊन उभा राहिला. लोकांनी हुर्यो केली. लोकगीतांचे थोर गायक पीट सीगर इतके चिडले की कुऱ्हाड असती तर माईकची केबल तोडली असती, असं ते पुढे बोलून दाखवत. लोक विजेच्या गिटारवर चिडले की खराब आवाजावर, यावर अजून मतभेद आहेत. सीगर यांचं स्वतःचं म्हणणं होतं की आवाज इतका फाटत होता की शब्द ऐकू येत नव्हते. मी या बाबतीत सीगर यांच्या बाजूचा आहे. ज्याचं सगळं बळ शब्दात आहे त्याचे शब्दच ऐकू आले नाहीत तर चूक मिक्सरवर बसलेल्याची, गिटारची नाही. लोकगीतासाठी मांडलेल्या व्यवस्थेवर अचानक पूर्ण बँड चढवला की काय होतं, ते मी गडावर पाहिलेलं आहे. एकट्या कीर्तनकारासाठी लावलेल्या माईकसमोर बँजो आणि पॅड आणून ठेवतात आणि मग ऐकणारे गाणाऱ्याला दोष देतात.

भाच्याचा हेंड्रिक्स. जिमी हेंड्रिक्स, काळा अमेरिकन, डावखुरा. उजव्या हाताची गिटार उलटी धरून, तारा फिरवून वाजवायचा. 1966 च्या शेवटी इंग्लंडमध्ये पुढे आला आणि 18 सप्टेंबर 1970 ला वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी गेला. जेमतेम चार वर्षं. त्याच्यानंतर काही दिवसांतच गायिका जॅनिस जॉप्लिन गेली, पुढच्या वर्षी गायक जिम मॉरिसन, दोघंही सत्तावीसचेच. जॉप्लिनबद्दल खरं तर स्वतंत्र लिहायला हवं; तिच्यासारखं गळा पणाला लावून गाणारं त्या पिढीत दुसरं कुणी नव्हतं, आणि प्रभावाच्या यादीत बायकांची नावं नेहमी शेवटी येतात, हे बरोबर नाही.

हेंड्रिक्सने काय केलं ते कळायला आधी माईकची शिट्टी समजून घेतली पाहिजे. गडाखाली मंडपात भोंगा आणि माईक समोरासमोर आले की कर्कश शिट्टी वाजते. कारण असं की माईक जे ऐकतो ते अ‍ॅम्प्लिफायर मोठं करतो, भोंगा ते बाहेर टाकतो, तेच पुन्हा माईकमध्ये शिरतं, पुन्हा मोठं होतं, आणि क्षणात हा फेरा एका सुरावर अडकून किंचाळायला लागतो. आम्ही काय करतो? भोंगा माईकच्या पुढे सरकवतो, तोंड बाहेर फिरवतो, ट्रेबल कमी करतो. शिट्टी म्हणजे आमच्या धंद्यात बदनामी. दुसरा दोष आवाज फाटण्याचा. अ‍ॅम्प्लिफायरला झेपेल त्याहून जास्त आवाज आत सोडला की ध्वनिलहरीचे शेंडे कापले जातात आणि आवाजाला खरखरीत धार येते. तो फाटका आवाज घेऊन गिऱ्हाईक माझ्याकडे भांडायला येतं.

हेंड्रिक्सने हे दोन्ही दोष हाताशी धरले. विजेच्या गिटारीत पोलादी तारांखाली लोहचुंबक असतं आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. तार हलली की वेढ्यांत वीज निर्माण होते, ती अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जाते. हेंड्रिक्स अंगापेक्षा मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरसमोर तोंड करून उभा राहायचा. स्पीकरचा दणका तारेला हलवत राहायचा, तार पुन्हा स्पीकरला आवाज द्यायची, आणि एकदा छेडलेला सूर विझायचाच नाही. अंग जरा वळवलं, एक पाऊल मागं घेतलं की तोच सूर वरच्या स्वरावर उडी मारायचा. म्हणजे त्याच्या हातात दोन वाद्यं होती: एक गिटार आणि दुसरं ते अंतर. 18 ऑगस्ट 1969 ला, सोमवारी सकाळी, वूडस्टॉक महोत्सवाच्या चिखलात बहुतेक गर्दी घरी निघून गेल्यावर त्याने अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवलं. एक शब्द न गाता, नुसत्या शिट्टीतून आणि फाटक्या आवाजातून त्याने बॉम्ब पडल्याचे, विमानं सूर मारल्याचे आवाज त्या राष्ट्रगीताच्या चालीत मिसळले. व्हिएतनामवर इतकं थेट भाष्य दुसऱ्या कुणी वाद्यावर केलेलं मला माहीत नाही. भाचा म्हणतो, "मामा, आज दुनियेत जो कुणी विजेची गिटार धरायलाय, त्याच्या बोटात हेंड्रिक्स हाय." हे खोडून काढणं अवघड आहे आणि मी खोडत नाही.

तरी माझं मत जॉर्ज हॅरिसनला.

बीटल्समध्ये लेनन आणि मॅकार्टनी ही गाणी लिहिणारी जोडी. हॅरिसन वयाने सर्वांत लहान, बाजूला उभा राहून गिटार वाजवणारा. प्रभावाच्या चर्चेत त्याचं नाव चौथ्या-पाचव्या क्रमांकावर येतं. पण प्रभाव म्हणजे किती रेकॉर्ड खपल्या, हे माझं मोजमाप नाही. लोकांच्या कानाला काय नवीन ऐकायची सवय लागली आणि कुणासाठी दार उघडलं, हे मी बघतो.

सुरुवात एका तुटलेल्या तारेपासून झाली. ऑक्टोबर 1965 मध्ये 'नॉर्वेजियन वुड'च्या वेळी हॅरिसननी लंडनच्या दुकानातून घेतलेली एक स्वस्त सतार वाजवली. तालीम म्हणाल तर शून्य. वाजवता वाजवता तार तुटली. सतारीची तार लंडनमध्ये कुठे मिळणार? शोधाशोधीत एशियन म्युझिक सर्कलचा पत्ता लागला आणि अंगडी कुटुंबाशी ओळख झाली. त्यांच्याच घरी पुढे जून 1966 मध्ये रविशंकरांची भेट झाली. सप्टेंबरात हॅरिसन मुंबईत ताजमध्ये खोटं नाव सांगून, मिशा वाढवून उतरले, शिकायला. बातमी फुटली, हॉटेलबाहेर गर्दी झाली, मग गुरुशिष्य काश्मीरला गेले. ज्याच्यामागे सगळं जग धावत होतं असा तेवीस वर्षांचा पोरगा जमिनीवर मांडी घालून सा रे ग म घोटत बसतो, ही गोष्ट मला आजही फार मोठी वाटते. पाय दुखायचे, तरी बसायचा.

आता कानाची गोष्ट. पाश्चात्त्य गाण्यात गिटारवाला दर थोड्या वेळाने बोटं बदलतो, सुरांचा गुच्छ बदलतो, त्या बदलावर गाणं पुढे सरकतं. आपल्याकडे तसं नाही. गोंधळ्याचं तुणतुणं घ्या. एक तार, एक सूर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तोच. त्या स्थिर सुरावर संबळ वाजतो आणि कथा चढत जाते. माहूरला रेणुकेच्या दारात वाढलेल्या माणसाला एका सुरावर तासभर बसायची सवय अंगातच असते. हॅरिसननी हा स्थिर सूर रॉक संगीतात रुजवला. 'रिव्हॉल्व्हर'मध्येच लेननचं 'टुमॉरो नेव्हर नोज' आहे, तेही जवळजवळ एकाच सुरावर तोललेलं. त्यात टेपचे तुकडे कापून, दोन टोकं चिकटवून केलेल्या गोल पट्ट्या पाच यंत्रांवर एकदम फिरत होत्या, माणसं पेन्सिलीवर टेप ताणून धरून उभी होती, आणि लेननचा आवाज ऑर्गनसाठी बनवलेल्या फिरत्या स्पीकरमधून काढला होता. हे करणारा ध्वनिमुद्रक जेफ एमरिक तेव्हा वीस वर्षांचा होता. टेपवर हात काळे केलेल्या माणसाला हे वाचून काय वाटतं, ते दुसऱ्याला सांगून कळणार नाही.

एकदा आमच्या भजनी मंडळाचे तबलजी मंडळाचा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन दुकानात आले होते. टेपवर 'लव्ह यू टू' चालू होतं. सुरुवातीला सतारीचा संथ आलाप आहे, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. तबला सुरू झाला तशी त्यांनी मान वर केली. अंगठा बोटांच्या पेरांवर फिरायला लागला. दोन आवर्तनं मोजून त्यांनी समेवर टेबलावर थाप दिली, आणि ती बरोबर पडली. "बायाँ छान घुमवलाय," एवढंच म्हणाले. गाणं कुणाचं, भाषा कोणती, त्यांनी विचारलं नाही. मी टेप मागे फिरवून पुन्हा लावली. शेवटी लय वाढते तिथे ते जागेवरून उठून स्पीकरजवळ जाऊन उभे राहिले. मग मी त्यांना भागवतांची गोष्ट सांगितली. एरवी फारसं न बोलणारा तो माणूस त्या दिवशी पुढच्या दोन गिऱ्हाइकांना स्वतःहून सांगत बसला होता की बीटल्सच्या रेकॉर्डवर आपला भागवत वाजवतो.

जानेवारी 1968 मध्ये हॅरिसन पुन्हा मुंबईला आले, ते 'वंडरवॉल म्युझिक'च्या ध्वनिमुद्रणासाठी. फोर्ट भागातला एचएमव्हीचा स्टुडिओ. तिथे दोन ट्रॅकचं स्टिरिओ यंत्र नव्हतं, म्हणून कंपनीचे भास्कर मेनन यांनी ते कलकत्त्याहून रेल्वेने आणवलं. स्टुडिओ ऑफिसांच्या वर आणि भिंतींना आवाज अडवणारं अस्तर नाही. साडेपाचला ऑफिस सुटलं की जिन्यावरून उतरणाऱ्यांच्या पायांचे आवाज येऊ लागायचे आणि काम थांबवावं लागायचं. कान देऊन ऐकलं तर रस्त्यावरच्या टॅक्सीही त्या रेकॉर्डवर आहेत, असं हॅरिसन सांगत. संतूरवर शिवकुमार शर्मा, सरोदवर आशिष खाँ, सूरबहारवर चंद्रशेखर नारिंग्रेकर, बासरीवर केंकरे. बीटल्समधल्या कुणाचीही ही पहिली स्वतंत्र एलपी, आणि तिचा बराचसा भाग मुंबईत जमलेल्या वादकांनी पेललेला. त्याच दिवसांत 'द इनर लाइट'चं वाद्यसंगीत तिथेच रेकॉर्ड झालं आणि मार्चमध्ये ते बीटल्सच्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला आलं. मुंबईत वाजवलेलं संगीत थेट बीटल्सच्या तबकडीवर!

लंडनमध्ये त्याच सुमारास मुंबईहून गेलेले केशव साठे तबला घेऊन जॅझवाल्यांत बसत होते. जो हॅरियट आणि जॉन मेयर यांच्या इंडो-जॅझ मंडळींत ते होते, 1967 मध्ये 'जॅझ मीट्स इंडिया'त होते, पुढे इंग्लिश लोकसंगीतात जॉन रेनबर्नच्या गटातही. साठ्यांबद्दल मराठीत फार कमी लिहिलं गेलं आहे. 1972 मध्ये लेड झेपेलिन या बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत येऊन इथल्या वादकांबरोबर आपलीच दोन गाणी नव्याने रेकॉर्ड करून गेले. ते रेकॉर्डिंग कित्येक दशकं पडून होतं. मुंबईत आपली पोरंही इंग्रजी गाण्यांचे बँड काढत होती, सिमला सिगारेटच्या नावाने स्पर्धा व्हायच्या. त्यांच्यातला मराठी घरातला आवाज नंदू भेंडे यांचा, आत्माराम आणि आशा भेंड्यांचा मुलगा. पुलंच्या 'तीन पैशाचा तमाशा'त 1978 मध्ये त्यांनी अंकुश रंगवला आणि रॉकमध्ये तयार झालेला गळा मराठी रंगभूमीवर आला.

भाचा मला अडवतो. "मामा, तुम्ही म्हणायलाव ते समदं रविशंकरांचं हाय. गुरू नसता तर हॅरिसन कोण?" खरं आहे. रविशंकर 1956 पासून पश्चिमेत कार्यक्रम करत होते, पण तिथली लाखो तरुण मंडळी त्यांच्यापुढे येऊन बसली ती हॅरिसनमुळे. आणि ती गर्दी रविशंकरांना नेहमी गोड वाटली असं नाही. 18 जून 1967 ला अमेरिकेत माँटेरेच्या संगीत महोत्सवात दुपारी रविशंकर आणि अल्लारखाँ वाजवून गेले. लोकांनी सिगारेट ओढू नये अशी त्यांची अट होती आणि ती पाळली गेली. त्याच रात्री त्याच मंचावर हेंड्रिक्सने गिटार पेटवली. रविशंकरांना ते पाहवलं नाही. इथे मी भाच्याशी हुज्जत घालतो. आम्ही खंडेनवमीला सोल्डरिंग आयर्नला आणि मल्टिमीटरला हळदकुंकू लावणारी माणसं. वाद्य जाळणं, मग त्यामागे कितीही मोठा अर्थ असो, मला झेपत नाही.

हॅरिसनबद्दल माझं मत पक्कं झालं ते 1971 मुळे. आमच्याकडे त्या वर्षी पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे, त्यावर 'शरणार्थी सहायता' असा छाप असे. पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी लोक भारतात आले होते. शाळकरी वयात मला त्या तिकिटाचं एवढंच कळत होतं की कुणाचं तरी घर गेलं आहे. रविशंकरांनी आपल्या शिष्याला हे दुःख सांगितलं आणि त्याने काही आठवड्यांत न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये 1 ऑगस्ट 1971 ला दोन प्रयोग उभे केले. सुमारे 40 हजार प्रेक्षक, तिकिटांचे जवळपास 2 लाख 43 हजार डॉलर युनिसेफला. सुरुवात रॉकने झाली नाही. आधी रविशंकर, अली अकबर खाँ, अल्लारखाँ आणि तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती. सूर जुळवून झाले तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. जुळवणं एवढं आवडलं तर वादन आणखी आवडेल, अशा अर्थाचं रविशंकर हसून बोलले. नंतर, त्या काळात लोकांत फार न येणारा डिलनही हॅरिसनसाठी गायला उभा राहिला. हा मुद्दा काढला की गुरुजी जरा नरम पडतात. रेकॉर्डचे आणि चित्रपटाचे पैसे करांच्या भानगडीत बरीच वर्षं अडकले, तरीही संकटात गाणाऱ्यांनी एकत्र येऊन पैसा उभा करायचा हा रिवाज त्या दिवसापासून जगात रुळला.

गुरुजींचा एक आक्षेप मात्र असा आहे की त्याला माझ्याकडे उत्तर नाही. 1967 च्या 'सार्जंट पेपर' या बीटल्सच्या एलपीमध्ये हॅरिसनचं 'विदिन यू विदाउट यू' आहे. दिलरुब्यावर अण्णा जोशी आणि अमृत गज्जर, तबल्यावर नटवर सोनी, तंबोऱ्यावर बुद्धदेव कंसारा. एकाचंही नाव कव्हरवर नाही. त्याच कव्हरवरच्या जगप्रसिद्ध चित्रात हॅरिसननी सुचवलेले चार भारतीय योगी आहेत: परमहंस योगानंद, लाहिरी महाशय, श्री युक्तेश्वर आणि बाबाजी. गांधीजीही होते, रेकॉर्ड कंपनीने धास्तीपोटी काढायला लावले. म्हणजे चेहरे छापले, प्रत्यक्ष वाजवणारे राहिले. एका वर्षापूर्वी भागवतांचं नाव छापता आलं होतं, मग यांचं का नाही? पुढे कित्येक वर्षांनी शोध घेतला गेला तेव्हा ही नावं लोकांपुढे आली. अनिल भागवत आपलं नाव त्या कव्हरवर आल्याचा अभिमान वाटतो असं सांगत; तो आनंद अण्णा जोश्यांना तेव्हाच मिळायला हवा होता.

म्हणून मला वाचकांना एक विनंती करायची आहे. त्या काळात मुंबई-पुण्याचे, कोकणातले, गोव्यातले अनेक मराठी वादक स्टुडिओत, जहाजांवर, हॉटेलांत, परदेशात वाजवत होते. त्यांच्यापैकी कुणाच्या घरात जुन्या स्पूलच्या टेप, कराराचे कागद, फोटो पडलेले असतील. आधी फोटोच्या मागे कोण कोण आहेत ते लिहा, घरातली जाणती माणसं आहेत तोवर. टेप आडव्या न रचता उभ्या ठेवा, कोरड्या जागी, स्पीकर आणि मोटारीपासून लांब, कारण तिथल्या चुंबकाने टेप पुसली जाते. बुरशी दिसली किंवा टेपचे थर एकमेकांना चिकटलेले वाटले तर उत्साहाने लगेच यंत्रावर चढवू नका. ओढ बसली की वरचा थर सोलून निघतो आणि त्यावरचा आवाज कायमचा जातो. ओळखीच्या जाणत्या माणसाकडून आधी साफ करून घ्या, मग एकदाच वाजवा आणि त्याच वेळी संगणकावर उतरवून घ्या. आणि त्या फाईलला नाव देताना गाणाऱ्याबरोबर वाजवणाऱ्यांचीही नावं लिहा.